काचेवर चिकटलेलं शिवार



आज एका अगदी साध्या गोष्टीवर बोलायचं आहे. पावसाळ्यात रात्रीचा प्रवास करून गाडी दारात येते, तेव्हा तिच्या तोंडावर जे काही चिकटलेलं असतं, त्याविषयी. नंबरप्लेटवर, बंपरवर, बोनटच्या पुढच्या कडेवर, हेडलाइटवर आणि समोरच्या काचेवर ठिपकेच ठिपके. पिवळे, हिरवट, तपकिरी. कुठं एखादा पंख, कुठं तुटलेला पाय. सकाळचं ऊन लागलं की हे ठिपके असे घट्ट बसतात, की कोरड्या फडक्याला दाद देत नाहीत. नखानं खरवडावं तर नखाची रेघ उठते. मग कुणीतरी उत्साहानं घरातली भांडी घासायची घासणी घेऊन येतं आणि गाडीचं जे काही बिघडायचं राहिलेलं असतं, तेही बिघडतं.

कविता लिहिणाऱ्या माणसानं असला विषय का घ्यावा, असं काही जणांच्या मनात येईल. मी सिरसाळ्यात राहतो. परळीहून तेलगावमार्गे बीडकडं निघालं, की वाटेत लागतं ते आमचं गाव. दोन्ही अंगांना कापूस, सोयाबीन, तूर, ऊस. कविसंमेलनं संपतात मध्यरात्री, आणि परत यायचं ते कुणाच्या तरी जीपमध्ये, ड्रायव्हरच्या शेजारी बसून. किती तरी वर्षं त्या जागेवरून मी रात्रीचा रस्ता पाहत आलो आहे. रस्ता दिसतो तो काचेतून. काच धुरकटली की रस्ताही धुरकटतो आणि गाडीतली बोलकी माणसंसुद्धा गप्प होतात. तेव्हा हा विषय गाडीच्या चकाकीचा आहे, असं समजू नका. तो नजरेचा आहे.

आधी काचेवर येणारे हे पाहुणे कोण, ते पाहू. ते वर्षभर सारखे नसतात. त्यांचंही पंचांग असतं.

रोहिणी-मृगाचा पहिला चांगला पाऊस पडला, की संध्याकाळी वारुळातून वाळवीची पंखवाली पाखरं निघतात. नवा संसार थाटायला निघालेली ती नर-मादी असतात. त्यांचं उडणं थोडा वेळच टिकतं. जमिनीवर उतरली की ती स्वतःच पंख टाकून देतात. म्हणून दिव्याखाली सकाळी पंखांचा ढीग सापडतो. त्याच सुमाराला जमिनीतून हुमणीचे भुंगेरे बाहेर येतात. उसाची आणि सोयाबीनची मुळं खाणारी पांढरी, वाकडी अळी शेतकऱ्यांनी पाहिलेली असते. तिचे हे आईबाप. अंधार पडताना ते जमिनीतून निघतात, कडुनिंबावर, बाभळीवर जमतात, पाला खातात, आणि उजाडायच्या आत पुन्हा मातीत शिरतात. आता आपल्याकडं रस्त्याच्या कडेला झाडं कोणती? कडुनिंब आणि बाभूळच. म्हणजे भुंगेऱ्यांचा बाजार आणि आपला रस्ता एकाच ठिकाणी. भुंगेरा काचेवर आदळतो तो खड्यासारखा आवाज करून. नवखा ड्रायव्हर दचकतो.

पुढं श्रावण-भाद्रपदात पिकं दाटली की पाकोळ्या येतात. पिकावरच्या अळ्यांचेच हे पतंग. त्यांच्या पंखांवर बारीक खवल्यांची भुकटी असते. पाकोळी आदळली की काचेवर चंदेरी, तेलकट डाग पडतो, तो या भुकटीचा आणि तिच्या अंगातल्या चरबीचा. पाऊस ओसरायला लागला की रस्त्यावर चतुर घिरट्या घालताना दिसतात. त्यातल्या एका पिवळसर जातीविषयी चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञानं मालदीवमध्ये राहून वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या आणि २००९ मध्ये असं मांडलं, की हे इवलेसे जीव भारतातून निघून हिंद महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात. एवढ्या लांबच्या वाटेला लागलेला प्रवासी आपल्या बंपरवर संपतो, हे ऐकून मला जरा वेळ काही सुचलं नव्हतं. आश्विन-कार्तिकात चिलटांचे आणि तुडतुड्यांचे थवे, आणि थंडीत करडई-सूर्यफूल फुललं की दिवसा मधमाश्या. असं हे शिवाराचं पंचांग गाडीच्या तोंडावर उमटत असतं.

आता हे किडे इतके घट्ट का चिकटतात?

किड्याच्या अंगात आपल्यासारखं लाल रक्त नसतं. शिरांचं जाळंही नसतं. त्याच्या शरीराच्या पोकळीत पिवळसर किंवा हिरवट पातळ द्रव भरलेला असतो आणि त्यातच सगळे अवयव बुडालेले असतात. या द्रवात पाणी असतं, तशी प्रथिनंही असतात. किड्याला जखम झाली तर ती बुजावी म्हणून हा द्रव हवा लागताच गोठायला लागतो. म्हणजे निसर्गानं त्याला जीव वाचवण्यासाठी जो डिंक दिला, तोच डिंक मेल्यावर आपल्या काचेवर पसरतो. त्यात टणक कवचाचे तुकडे आणि पंखांची भुकटी मिसळते. वरून ऊन आणि खालून इंजिनाची धग. कच्च्या अंड्याचा पांढरा भाग तव्यावर पडला की काय होतं, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. ओला असेपर्यंत तो बोटानं पुसता येतो. तापला की चिकटतो, आणि मग उलथन्यानं खरवडावा लागतो. बोनटवर नेमकं हेच होतं.

शिवाय हे अवशेष जसजसे कुजतात तसे ते आंबट होत जातात. रंगावर जो पारदर्शक थर असतो, त्याला हा आंबटपणा हळूहळू खातो. अमेरिकेतल्या फ्लोरिडात आणि आसपासच्या राज्यांत काळ्या, जोडीजोडीनं उडणाऱ्या माश्या आहेत. त्यांना तिकडं ‘लव्हबग’ म्हणतात. मे आणि सप्टेंबरच्या सुमारास त्या थव्यांनी रस्त्यावर येतात. तिथल्या गाडीवाल्यांना अनुभवानं कळलेलं आहे, की डाग दिवसभरात धुतला तर जातो. उन्हात राहू दिला तर तो निघाल्यावरही त्याची खूण रंगावर राहते. ऊन आपल्याकडं तिकडच्यापेक्षा कमी नाही.

दुसरा प्रश्न वेगाचा. हे समजायला आपली खळ्यावरची उपणणी आठवा. पाटीतून धान्य वाऱ्यावर सोडलं की भुसा वाऱ्याबरोबर बाजूला उडतो आणि दाणा सरळ खाली पडतो. हलक्याला वारा वळवू शकतो, जडाला नाही. चालत्या गाडीपुढची हवाही अशीच दुभंगते, बोनटवरून आणि काचेवरून वर चढून निघून जाते. गाडी हळू असेल तर चिलटासारखा हलका जीव त्या हवेबरोबर वळतो आणि छपरावरून सुखरूप मागं जातो. भुंगेरा जड असल्यामुळं त्याला तेवढं वळता येत नाही. गाडीचा वेग वाढला की वळायला वेळच उरत नाही. मग भुसाही दाण्यासारखा वागतो आणि सरळ काचेवर येतो. तिरप्या काचेच्या कारपेक्षा सपाट तोंडाच्या बसवर आणि ट्रकवर ठिपके जास्त दिसतात, त्याचंही एक कारण हेच.

वेगाचा आणखी एक हिशेब आहे. ताशी ४० किलोमीटरचा वेग ८० केला, तर आदळण्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. ४० ला जो किडा आपटून बाजूला पडला असता, तो ८० ला फुटतो. न फुटलेला किडा चिकटत नाही. म्हणून किडे चिकटू नयेत यासाठीचा पहिला उपाय बाटलीत मिळत नाही. तो ड्रायव्हरच्या उजव्या पायाखाली असतो. पहिल्या पावसानंतरच्या दिवसांत, दिवेलागणीपासून नऊ-साडेनऊपर्यंत, ऊस आणि कडुनिंब-बाभळीच्या टापूतून जाताना वेग कमी ठेवला तरी निम्मं काम होतं.

तिसरा प्रश्न उजेडाचा, आणि इथं आम्हा कवींचा संबंध येतो. शमा आणि परवाना, दिवा आणि पतंग यांच्या जोरावर उर्दूत आणि मराठीत किती कवितांचा संसार चालला, याची मोजदाद नाही. पतंगाचं ज्योतीवर प्रेम आहे, म्हणून तो जळून जातो, असं आम्ही सांगत आलो. जानेवारी २०२४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात सॅम्युएल फॅबियन, यश सोंधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अतिवेगवान कॅमेऱ्यांनी दिव्याभोवतीच्या किड्यांचं उडणं टिपून त्यांनी दाखवलं, की किडा दिव्याकडं ओढला जातच नाही. उडताना तो आपली पाठ उजेडाकडं ठेवतो. कोट्यवधी वर्षं रात्री उजेडाची बाजू म्हणजे आभाळाची बाजू होती. पाठ तिकडं ठेवली की पोट जमिनीकडं राहायचं आणि उडणं सरळ व्हायचं. आता मध्येच दिवा आला. किडा त्या दिव्याकडं पाठ करतो, तिरका होतो, गोल फिरत राहतो. दिवा खाली असला तर उलटा होऊन कोसळतो. म्हणजे ते प्रेम नव्हे. आभाळ कुठं आहे तेच त्याला कळेनासं होतं. माझ्या मते यातही कविता आहेच, फक्त वेगळी.

यातून गाडीवाल्यानं घ्यायचं ते एवढंच. चहाच्या टपरीवर थांबलात, कुणाला उतरवायला थांबलात, तर हेडलाइट बंद करून पार्किंगचे दिवे लावा. उभ्या गाडीच्या झगझगीत उजेडात पाच मिनिटांत किड्यांचं मोहोळ जमतं, आणि गाडी निघाली की ते सगळं बोनटवर आणि रेडिएटरच्या जाळीत जातं. निळसर-पांढऱ्या उजेडाभोवती किडे जास्त जमतात, पिवळ्याभोवती कमी. रात्री शेतात उजेडाचा सापळा लावून हुमणीचे भुंगेरे गोळा करा, असं कृषी विभाग सांगतो. त्यामागंही किड्याची हीच सवय आहे. आपली उभी गाडी असा सापळा होऊ नये, इतकंच पाहायचं.

आता प्रवासाला निघण्याआधी करायच्या गोष्टी.

आपल्या भाषेत ‘अळवावरचं पाणी’ असा शब्दप्रयोग आहे. अळूच्या किंवा कमळाच्या पानावर थेंब ठरत नाही, कारण त्या पानावर डोळ्यांना न दिसणारे बारीक उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाचा थर असतो. थेंबाला पकडायला जागाच मिळत नाही. गाडीच्या रंगाचं याच्या उलट असतं. वरून गुळगुळीत दिसला तरी त्यात बारीक छिद्रं आणि चरे असतात. किड्याचा द्रव त्यात शिरतो आणि तिथंच वाळतो. गाडी धुऊन, पूर्ण कोरडी करून तिच्या पुढच्या भागावर मेणाचं पॉलिश लावलं, तर ही छिद्रं भरून निघतात. किडा तरीही आदळतो, पण चिकटतो तो मेणाला. मग ओल्या फडक्यानं तो मेणासकट सुटून येतो. पावसाळ्याच्या तोंडावर एकदा आणि नवरात्राच्या आधी एकदा, एवढं केलं तरी फरक दिसतो. अलीकडं सिरॅमिकचा लेप देतात, पारदर्शक फिल्म चिकटवतात. ते टिकाऊ असतं, पण खर्चाचं. ज्याला परवडेल त्यानं करावं. मेणाची डबी सगळ्यांना परवडते.

मात्र असा लेप लावला की किडा चिकटणारच नाही, असं कुणी दुकानदार छातीठोकपणे सांगू लागला, तर त्याला ‘नासा’ची गोष्ट सांगा. विमानाच्या पंखांवर किडे चिकटले की पंखावरून जाणारी हवा विस्कटते आणि इंधन जास्त लागतं. म्हणून नासाच्या शास्त्रज्ञांनी कमळाच्या पानापासून धडा घेऊन काही लेप तयार केले. २०१५ मध्ये त्यांनी बोइंग ७५७ जातीच्या विमानाच्या पंखावर पाच प्रकारचे पृष्ठभाग बसवले. चाचणीसाठी अमेरिकेतलं लुइझियाना राज्यातलं श्रीव्हपोर्ट हे किड्यांनी भरलेलं ठिकाण निवडलं आणि विमान पुन्हा पुन्हा उडवलं. त्यातला जो लेप सर्वांत चांगला ठरला, त्यानं चिकटलेले किडे सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले. एवढा खटाटोप करून ४० टक्के! अळवावरून पाणी ओघळतं खरं, पण किड्याचा द्रव म्हणजे नुसतं पाणी नाही, तो फुटताक्षणीच घट्ट व्हायला लागतो. तेव्हा आपल्या डबीकडून फार मोठी अपेक्षा ठेवू नये. किडे कमी चिकटावेत आणि चिकटलेले लवकर सुटावेत, इतकं झालं तरी पुष्कळ.

आपल्याकडं काही जण बोनटवर आणि काचेवर डिझेल, रॉकेल किंवा खाण्याच्या तेलाचा हात फिरवतात. किडा त्यावरून घसरतो, हे खरं. पण डिझेल-रॉकेलनं काचेभोवतीचं आणि वायपरचं रबर खराब होतं, रंगाची चमक जाते, आणि तेलावर धूळ बसून वेगळाच चिखल होतो. काचेला तर कधीही तेल लावू नका. समोरून दिवा आला की तेलकट काचेवर तो फाकतो आणि क्षणभर काहीच दिसत नाही.

रेडिएटरपुढं बारीक जाळी लावण्याची पद्धत आहे, ती चांगली. किडे आणि उसाचं पाचट आत जात नाही. पण जाळी किड्यांनी भरली तर हवा अडते आणि इंजिन तापतं. जाळी लावली की ती दर दोन-चार दिवसांनी काढून झटकायची, हे कामही आपल्याच गळ्यात पडलं असं समजावं.

आता गाडी घरी आल्यावर काय करायचं. इथं सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेळ. सकाळी पाहू, म्हणू नका. झोपण्यापूर्वी दहा मिनिटं द्या. आणि त्याला पाइप लावून गाडी धुण्याची गरज नाही. आपण मराठवाड्यातली माणसं आहोत. पाण्याअभावी परळीचं औष्णिक वीज केंद्र २०१३ मध्ये बंद ठेवावं लागलं होतं. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. इथं किडे काढायला टाकीभर पाणी ओतणं शोभत नाही, आणि लागतही नाही.

एक तांब्या पाणी पुरतं. जुनं सुती धोतर, साडी किंवा टॉवेल यांचा मऊ तुकडा भिजवायचा, हलका पिळायचा आणि बोनटच्या कडेवर, हेडलाइटवर, बंपरवर तसाच पसरून ठेवायचा. घासायचं नाही. इंजिन गरम असेल तर आधी ते निवू द्यायचं. दहा मिनिटांत वाळलेला डिंक पाणी पिऊन मऊ होतो. आपण रात्री कडधान्य भिजत घालतो, तसंच हे. मग तेच फडकं एका दिशेनं अलगद ओढायचं. पहिल्या वेळी निघालं नाही तर जोर वाढवू नका, पुन्हा भिजवा. किड्याच्या कवचाचे तुकडे आणि रस्त्याची धूळ त्या डागात असते. कोरडं घासलं की तीच धूळ सँडपेपरसारखी रंगावर फिरते. गाडीचा शाम्पू थोडासा पाण्यात टाकला तर काम सोपं होतं. कपड्यांची पावडर मात्र टाळा. ती फार तीव्र असते. डागाबरोबर मेणाचा थरही काढून नेते.

हेडलाइटसाठी वेगळी सूचना. हल्लीच्या गाड्यांच्या हेडलाइटवरचं आवरण काचेचं नसतं, पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकचं असतं. त्यावर घासणी, ब्लेड किंवा राख कधीही लावू नका. चरे पडले की उजेड आतल्या आत पसरतो आणि रस्त्यावर कमी पडतो. दिवा चालू आहे, पण दिसत नाही, अशी अवस्था होते.

समोरच्या काचेचं म्हणाल, तर कोरड्या काचेवर वायपर चालवणं ही सर्वांत मोठी चूक. एका भुंगेऱ्याचा डाग रुपयाएवढा असतो. वायपर त्याचा अर्धगोल करून साऱ्या काचेवर सारवतो. आधी पाणी, मग वायपर. वायपरच्या पाण्याची टाकी पावसाळ्यात भरलेली असावी. पाऊसच पडतो आहे, मग टाकी कशाला, असं वाटून ती नेमकी याच दिवसांत रिकामी असते. वायपरचं रबरही ओल्या फडक्यानं पुसावं. किड्याची चिकट साय त्याच्या कडेलाच बसलेली असते. काच धुऊन झाल्यावर शेवटचा हात जुन्या वर्तमानपत्राच्या बोळ्यानं फिरवला तर ती लख्ख होते. तेव्हा हे भाषण छापून आलं तर पुढच्या रविवारी त्या कागदाचा हा उपयोग करायला माझी हरकत नाही.

मोटारसायकलवाल्यांना काच नसते. त्यांच्यासाठी काच म्हणजे हेल्मेटची पुढची पट्टी, आणि ती नसेल तर स्वतःचे डोळे. संध्याकाळी उघड्या डोळ्यांनी जाऊ नका. साधा पांढऱ्या काचांचा चश्मा तरी असावा. काळा गॉगल रात्री चालत नाही. डोळ्यात किडा गेला तर चालत्या गाडीवर एका हातानं डोळा चोळू नका. कडेला थांबा, स्वच्छ पाण्यानं डोळा धुवा. खुपणं थांबलं नाही तर डॉक्टरांकडं जा.

एवढा सगळा खटाटोप कशासाठी? दसरा झाला की आमच्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडणीला माणसं निघतात. पश्चिम महाराष्ट्राकडं, कर्नाटकाकडं. ट्रकमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरलेला असतो. भांडी, सरपण, शेळी, लेकरं, म्हातारी माणसं. प्रवास बहुतेक रात्रीचा. आणि नेमके तेच दिवस काचेवर चिलटं आणि पाकोळ्या सर्वांत जास्त चिकटण्याचे. पुढं गळीत सुरू झालं की उसानं लादलेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर येतात. कितीतरी ट्रॉल्यांना मागं लाल दिवा नसतो, रिफ्लेक्टर उसाच्या पाचटाखाली झाकलेला असतो.

अशा वेळी काचेवर किड्यांची साय असेल तर काय होतं ते मी शेजारच्या सीटवरून पाहिलेलं आहे. समोर कुणी नसतं तोवर सगळं ठीक दिसतं. समोरून एक गाडी दिवे लावून येते, आणि तो उजेड काचेवरच्या प्रत्येक डागावर फुटतो. सगळी काच दुधासारखी पांढरी होते. त्या पांढऱ्या पडद्याच्या मागं, आपल्याच बाजूला, अंधारात एक ट्रॉली संथपणे चाललेली असते. ती दिसायला जो क्षण लागतो, त्या क्षणात ताशी ८० च्या वेगातली गाडी २२ मीटर पुढं गेलेली असते. म्हणून मी म्हटलं, हा विषय चकाकीचा नाही. मालकानं बोनटवर डाग ठेवला तर नुकसान त्याचं एकट्याचं. काचेवर डाग ठेवला तर ते समोरच्या ट्रॉलीत झोपलेल्या लेकराचं. लांबच्या वाटेवर दर चहाच्या थांब्याला, ड्रायव्हरनं आधी काच आणि दिवे ओल्या फडक्यानं पुसावेत आणि मग कप हातात घ्यावा. प्रवाशांनीही त्याला आठवण करावी. तो आपला अपमान मानणार नाही.

शेवटी या किड्यांची बाजू मांडतो. त्यांना आपण उपद्रव म्हणतो. पण ते काचेवर येईनासे झाले, तर आनंद मानायचा का? युरोपात हा प्रश्न लोकांनी गांभीर्यानं घेतला. ब्रिटनमध्ये २००४ मध्ये पक्षी संरक्षणाचं काम करणाऱ्या एका संस्थेनं गाडीवाल्यांना आवाहन केलं, की नंबरप्लेट स्वच्छ पुसून प्रवासाला निघा आणि पोचल्यावर तिच्यावरचे किडे मोजा. जवळपास ४० हजार लोकांनी मोजले. सरासरी दर पाच मैलांना एक किडा. २०२१ मध्ये तशीच मोजणी पुन्हा झाली, तेव्हा किडे जवळपास ५९ टक्क्यांनी घटले होते. डेन्मार्कमध्ये एका संशोधकानं १९९७ पासून २० वर्षं ठरलेल्या रस्त्यांवरून गाडी चालवून काचेवरचे किडे मोजले; त्यातल्या एका रस्त्यावर घट ८० टक्के निघाली. जर्मनीतल्या संरक्षित क्षेत्रांत तर २७ वर्षांत उडणाऱ्या किड्यांचं एकूण वजन तीन चतुर्थांशाहून अधिक घटल्याचं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं.

किडे नसतील तर काय, हे बीड जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. बालाघाटच्या डोंगरातल्या आपल्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या सीताफळाच्या फुलात शिरून परागकण पोचवतात ते डाळीच्या दाण्याहूनही लहान असलेले भुंगे. सूर्यफूल भरतं ते मधमाश्यांमुळं. चतुर डास खातो, पाखरं किडे खातात. हुमणीला शेतकऱ्यानं आवरलंच पाहिजे. त्यात दयामाया नको. पण काचेवर आदळणारा प्रत्येक जीव हुमणी नसतो. वेग जरा कमी केला, उभ्या गाडीचे दिवे मालवले, तर आपली काचही वाचते आणि त्यातले बरेचसे आपापल्या कामाला जातात.

शाळेतल्या मुलांना यातून चांगला उद्योग देता येईल. गावातल्या एका जीपची नंबरप्लेट निघताना पुसायची, आल्यावर ठिपके मोजायचे, किती किलोमीटर झाले ते लिहायचं, आणि तारखेपुढं नक्षत्र लिहायचं. दरवर्षी त्याच रस्त्यावर, त्याच दिवसांत. वही एक, पेन्सिल एक, खर्च काही नाही. दहा वर्षांनी ती वही आपल्या शिवाराचा दाखला होईल. आणि मोजून झालं की नंबरप्लेट, दिवे आणि काच, ओल्या फडक्यानं, न घासता, त्याच रात्री पुसायची.